हिरड्यांचे आजार आणि त्यांवरील उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दात दुखला की माणूस त्याच दिवशी दवाखाना गाठतो, पण हिरडीतून रक्त येत असताना वर्षानुवर्षे थांबतो. हिरड्यांच्या आजाराची सारी अडचण या एका गोष्टीत आहे, कारण हा आजार बहुधा दुखत नाही. नागपुरातील रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक खुर्चीत बसता-उठता जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. ती वाचून आपण दात हलू लागण्यापूर्वी तपासणीला यावे, एवढीच इच्छा आहे.

ब्रश करताना रक्त येते, पण दुखत काहीच नाही. काळजी करावी का?

होय, करावी. निरोगी हिरडीतून साध्या ब्रशने रक्त येत नाही. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे जिवाणूंचा मऊ, चिकट थर साचतो. त्याला प्लाक म्हणतात. तो रोज निघाला नाही तर शरीर त्याच्याशी लढण्यासाठी हिरडीकडे रक्तपुरवठा वाढवते, हिरडी सुजते, लाल होते आणि जरा धक्का लागला की रक्त येते. रक्त येते म्हणून तिथे ब्रश लावणे थांबवणे, ही आमच्या पाहण्यातील सर्वांत मोठी चूक आहे. थर तसाच राहतो आणि सूज वाढत जाते.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो या संशोधकाने निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले होते. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि दात पुन्हा नीट घासू लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते, हे या प्रयोगातून दिसले.

मात्र रक्त अचानक, न घासताही येत असेल, सोबत ताप, अंगावर जांभळे डाग किंवा विलक्षण थकवा असेल, तर त्या दिवशी दंतवैद्याऐवजी फिजिशियनकडे जाऊन रक्ताची तपासणी करून घ्यावी. पावसाळ्यात डेंग्यूमुळे प्लेटलेट कमी झाल्यावर हिरड्यांतून असे रक्त येऊ शकते आणि रक्ताच्या काही गंभीर आजारांची पहिली खूणही हीच असू शकते.

हिरड्यांची सूज आणि पायोरिया यांत फरक काय?

सूज हिरडीपुरती असते तोवर तिला जिंजिव्हायटिस म्हणतात. या टप्प्यावर दाताला आधार देणारे हाड शाबूत असते. सूज आत उतरून दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू आणि खुद्द जबड्याचे हाड झिजू लागले, की त्याला पेरिओडॉन्टायटिस, म्हणजे बोलीभाषेतला पायोरिया म्हणतात. पहिला टप्पा पूर्ण मागे फिरवता येतो. दुसऱ्या टप्प्यात गेलेले हाड बहुतांशी परत येत नाही, पण आजार आहे तिथे थांबवता येतो. उरलेल्या हाडावर दात वर्षानुवर्षे टिकतात, आणि म्हणूनच लवकर येण्याचा आग्रह धरावा लागतो.

तोंडाला सतत वास येणे, दात लांब दिसू लागणे, दोन दातांमध्ये अन्न अडकू लागणे, हिरडी दाबल्यावर पू येणे आणि समोरच्या दातांत नव्याने फट पडणे, ही या दुसऱ्या टप्प्याची लक्षणे आहेत.

डॉक्टर बारीक सळईने हिरडी मोजतात आणि आकडे सांगतात, ते कशाचे असतात?

त्या सळईला प्रोब म्हणतात आणि तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक उथळ खाच असते. निरोगी माणसात ती १ ते ३ मिलिमीटर असते. हाड झिजले की ही खाच खोल होते आणि तिला पॉकेट म्हणतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजमाप घेतात. ४ मिलिमीटरच्या पुढचा आकडा लक्ष देण्यासारखा असतो आणि ६ किंवा त्याहून अधिक असेल तर आजार खोल गेला आहे असे समजावे, कारण त्या खोलीपर्यंत कोणताही ब्रश पोहोचत नाही. सोबत एक्स-रे काढून हाडाची पातळी पाहतात. आपले आकडे लिहून मागावेत. पुढच्या भेटीत सुधारणा झाली की नाही, हे त्या कागदाशिवाय कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही.

दात साफ करून घेतले की दात सैल होतात, असे घरातील मोठी माणसे सांगतात. ते खरे आहे का?

खरे नाही, पण हा समज कशातून आला ते समजून घेण्यासारखे आहे, कारण सांगणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो.

प्लाक काढला नाही तर लाळेतील क्षार त्यात बसून तो दगडासारखा कडक होतो. त्याला आपण कीटण म्हणतो. वर्षानुवर्षे साचलेले कीटण दातांच्या मधल्या फटी भरून टाकते आणि हाड झिजलेल्या शेजारच्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवते. हाड आधीच गेलेले असते, पण कीटणामुळे दात हलत नाही आणि फटही दिसत नाही. कीटण काढले की झाकलेली परिस्थिती उघडी पडते. त्यातच सूज उतरल्याने हिरडी आक्रसते, मुळाचा थोडा भाग उघडा होतो आणि काही दिवस थंड पाणी झणझणते. रुग्णाला वाटते की डॉक्टरांनी दात सैल केले. वास्तविक सूज गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत हिरडी दाताला घट्ट बिलगते आणि बरेच दात पूर्वीपेक्षा कमी हलू लागतात.

आता वापरात असलेले अल्ट्रासॉनिक यंत्र सूक्ष्म कंपनांनी कीटणाचा थर फोडते आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढते. प्रशिक्षित हातात त्याने दाताचे वरचे आवरण घासून जात नाही. त्यामुळे आम्ही रुग्णाला साफसफाईच्या आधीच आरसा हातात देऊन फटी कुठे दिसतील ते दाखवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नंतर दिलेले स्पष्टीकरण कितीही खरे असले तरी ते रुग्णाला सारवासारव वाटते.

खोल साफसफाई कशी करतात? दुखते का?

हिरडीच्या वरचे कीटण काढणे म्हणजे स्केलिंग. पॉकेटच्या आत, मुळाच्या पृष्ठभागावर चिकटलेले कीटण काढून मूळ स्वच्छ करणे म्हणजे रूट प्लेनिंग. दुसऱ्या कामासाठी त्या भागाला भूल दिली जाते, त्यामुळे सुई टोचण्यापलीकडे फारसे दुखत नाही. तोंडाचे दोन किंवा चार भाग करून दोन ते चार भेटींत हे काम पूर्ण होते. भूल उतरेपर्यंत दोन-तीन तास गरम चहा आणि चावून खाणे टाळावे, कारण ओठ किंवा गाल नकळत चावला जातो. एक-दोन दिवस हिरडी हुळहुळते, आणि थंड पदार्थांचा झणझणाट काही दिवसांपासून काही आठवडे राहू शकतो. त्यासाठी संवेदनशील दातांची पेस्ट पुरते.

त्यानंतर दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप घेतात. या भेटीला अनेक रुग्ण येत नाहीत, कारण तोवर रक्त थांबलेले असते आणि बरे वाटत असते. पण पुढे शस्त्रक्रिया लागेल की नाही, हे याच भेटीत ठरते.

शस्त्रक्रिया कुणाला करावी लागते?

खोल साफसफाईनंतरही ६ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक खोल पॉकेट उरले आणि तिथून रक्त येत राहिले, तर फ्लॅप शस्त्रक्रिया सुचवली जाते. यात भूल देऊन हिरडी हलकेच बाजूला करतात, डोळ्यांना दिसेल अशा रीतीने मूळ आणि हाड स्वच्छ करतात आणि हिरडी पुन्हा जागेवर बसवून टाके घालतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो आणि साधारण आठवड्याने टाके काढतात.

हाडाची झीज दोन प्रकारची असते. सगळीकडून सारखी खाली गेलेली पातळी पुन्हा वर आणता येत नाही. एका दातालगत विहिरीसारखा उभा खड्डा पडला असेल, तर त्याला हाडाच्या भिंती शिल्लक असतात आणि तिथे घातलेला हाडाचा भराव, वरून बसवलेल्या पडद्याच्या आधाराने, टिकण्याची चांगली शक्यता असते. म्हणून एकाच माणसाच्या एका दाताला ‘भराव घालू’ आणि दुसऱ्याला ‘याला उपयोग नाही’ असे सांगितले जाते. रुग्णाने त्याचे कारण विचारले पाहिजे आणि डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून ते दाखवले पाहिजे.

खाली सरकलेली हिरडी पुन्हा वर येते का?

आपोआप येत नाही. दोन दातांमधले हाड शाबूत असेल आणि फक्त दाताच्या बाहेरच्या बाजूने हिरडी सरकली असेल, तर टाळूमधून ऊतीचा लहान तुकडा घेऊन तिथे बसवता येतो आणि उघडे मूळ चांगले झाकता येते. हे बहुधा कडक ब्रशने आडवे, जोर लावून घासणाऱ्यांच्या बाबतीत घडते. दातांमधले हाडच गेले असेल तर पूर्ण झाकणी शक्य नसते.

हलणारा दात काढावाच लागतो का?

नाही. थोडा हलणारा दात सूज उतरल्यावर सावरतो. मध्यम हलणारे दात शेजारच्या दातांना आतून बारीक तारेने बांधून वापरता येतात. जो दात वरखालीही हलतो आणि ज्याला आधार देणारे हाड जवळजवळ संपले आहे, तो मात्र काढलेला बरा. त्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचा असेल तरी आधी उरलेल्या हिरड्यांचा आजार आटोक्यात आणावा लागतो, कारण इम्प्लांटभोवतीचे हाडही तशाच संसर्गाने झिजते.

रस्त्याच्या कडेला बसून कमी पैशांत ‘फिक्स दात’ बसवून देणाऱ्यांकडे कृपया जाऊ नये. हिरडीला चिकटवलेला तो प्लास्टिकचा गोळा साफ करता येत नाही आणि शेजारचे धड दातही काही काळात हलू लागतात.

मी खर्रा खातो. उपचाराचा उपयोग होईल का?

उपयोग होईल, पण खर्रा न सोडणाऱ्याला सोडणाऱ्याच्या तुलनेत कमी होईल. नागपुरात आणि सगळ्या विदर्भात या प्रश्नावाचून हिरड्यांविषयी बोलणे पूर्ण होत नाही, म्हणून येथे थोडे थांबून लिहितो.

पानठेल्यावर घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. चुना हिरडीला पोळतो, सुपारीचे खरखरीत कण तिला घासतात आणि ज्या गालाशी खर्रा धरून ठेवायची सवय असते, नेमक्या त्याच जागी हिरडी मुळापर्यंत खाली सरकलेली आढळते. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे आत आजार वाढत असताना बाहेर रक्त कमी येते आणि ‘माझ्या हिरड्या मजबूत आहेत’ असा समज होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचेही असेच होते. तंबाखू सोडल्यावर काही आठवडे रक्त वाढल्यासारखे वाटते. घाबरू नये, हिरडीचा रक्तपुरवठा पूर्ववत होत असल्याची ती खूण आहे.

सुपारीचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. गालाच्या आतील त्वचा पांढरट आणि ताठ होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. याची सुरुवात बहुतेकदा तिखट न सोसण्याने होते. ज्या माणसाला सावजी रस्सा आवडीने खायची सवय होती, त्याला साधी भाजीही झोंबू लागली, तर ते वयाचे किंवा पित्ताचे लक्षण समजून सोडून देऊ नये. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे आरशासमोर पाहावे. जात नसतील तर लगेच तपासणी करावी. हिरड्यांच्या उपचाराशीही याचा थेट संबंध आहे, कारण तोंड पुरेसे उघडत नसेल तर मागच्या दाढांपर्यंत उपकरण पोहोचतच नाही आणि वाचवता येण्याजोगी दाढ हातची जाते.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी खर्ऱ्याची सवय घराघरांत आहे आणि ती कुणाच्या कमकुवत मनाची खूण नाही. निकोटीनचे व्यसन मोडायला मदत लागते. ती दंतवैद्याकडे मोकळेपणाने मागावी. गुडाखू, मशेरी किंवा तपकीर दातांना लावणाऱ्या महिलांना तर हे मंजन नसून तंबाखू आहे, हेच बहुधा कुणी सांगितलेले नसते.

मला मधुमेह आहे. हिरड्यांशी त्याचा काय संबंध?

संबंध दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढलेली असेल तर जखम भरत नाही, संसर्ग बळावतो आणि हाड लवकर झिजते. उलटपक्षी हिरड्यांतील जुनाट सूज शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावते. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा टक्क्यांतला आकडा, सरासरी सुमारे ०.४ ने कमी होतो, असे अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. म्हणून साखर आटोक्यात येत नसताना हिरड्यांतून पू येत असेल, तर ते मधुमेहाच्या डॉक्टरांनाही आवर्जून सांगावे. उपचाराच्या दिवशी उपाशी येऊ नये. नेहमीची गोळी आणि जेवण वेळेवर घ्यावे.

गरोदरपणात उपचार करता येतात का?

येतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यांचा काळ सर्वांत सोयीचा असतो. या काळात संप्रेरकांमुळे हिरड्या अधिक सुजतात आणि कधी हिरडीवर लाल गाठ येते. ती कर्करोगाची नसते आणि प्रसूतीनंतर बहुधा आक्रसते.

नेहमीची कोणती औषधे किंवा आजार डॉक्टरांना सांगावेत?

सगळीच सांगावीत, पण काही गोष्टी विसरून चालणार नाहीत. फिट्सवरील फेनिटॉइन, रक्तदाबावरील अॅम्लोडिपिन आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन यांमुळे काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दोन्ही डॉक्टर बोलून ठरवतील. हृदयाची झडप बदललेली असेल तर साफसफाईपूर्वीही प्रतिजैविक द्यावे लागते. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. संसर्ग, तहान आणि ताण यांमुळे त्यांना वेदनेचा झटका येऊ शकतो, त्यामुळे त्यांची भेट थोडक्यात आणि नियोजनपूर्वक ठेवावी लागते.

मीठ, लवंग, कडुलिंबाची काडी, संत्री यांनी हिरड्या बऱ्या होतात का?

कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरल्याने आराम पडतो आणि नुकसान काही नाही. लवंगतेल दुखणे काही वेळ दडपते. कडुलिंबाची काडी ब्रशच्या जोडीला चालेल, मात्र ती दातांच्या मधल्या फटींत जात नाही. राखुंडी किंवा मीठ कोरडेच घासू नये, त्याने दात आणि हिरडी दोन्ही झिजतात. दुखऱ्या हिरडीवर अॅस्पिरिनची गोळी धरून ठेवल्याने तिथली त्वचा अक्षरशः भाजते. संत्र्यांतील क जीवनसत्त्व हिरड्यांसाठी आवश्यक आहे, आणि त्याची मोठी कमतरता असेल तर रक्त येते. परंतु आपल्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या रक्तस्रावाचे कारण कीटण असते आणि कितीही संत्री खाल्ली तरी ते विरघळत नाही.

गोळ्या, माउथवॉश किंवा लेझरने काम भागणार नाही का?

नुसत्या गोळ्यांनी नाही. कीटणाला चिकटलेल्या जिवाणूंच्या थरापर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही, म्हणून गोळ्या संपल्या की सूज परत येते. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश शस्त्रक्रियेनंतर उपयोगी पडतो, पण दोन आठवड्यांहून अधिक वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. लेझर हे जोडीचे साधन आहे. त्याच्या नावाखाली साफसफाई टाळता येत नाही.

घरी नेमके काय करावे?

मऊ केसांचा ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका, साधारण ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी हलवावा आणि मग दाताच्या दिशेने फिरवावा. सकाळी आणि रात्री प्रत्येकी दोन मिनिटे पुरतात. रात्रीची वेळ चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात तोंड कोरडे पडते तेव्हा तर थर अधिक चिकटून बसतो, म्हणून पाणी पीत राहावे. दातांमध्ये फटी असतील तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत जाणारा बारीक ब्रश, आणि फटी नसतील तर फ्लॉस, म्हणजे दातांमध्ये फिरवायचा दोरा, वापरावा. टाचणी किंवा काडीने दात कोरू नयेत.

उपचार झाल्यावर पुन्हा किती दिवसांनी यावे?

पायोरियाचा उपचार झालेल्यांनी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी यावे. खोल राहिलेल्या जागांमध्ये जिवाणू काही आठवड्यांतच पुन्हा जम बसवू लागतात, त्यावरून हा कालावधी ठरला आहे. आकडे स्थिर राहिले तर तो सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो. चांगली शस्त्रक्रिया होऊनही दात गमावलेले रुग्ण पाहिले, की वाईट वाटते. त्यांच्या कागदांवर बहुधा दोन-तीन वर्षांत एकही भेट नोंदलेली नसते.

खर्च झेपत नसेल तर कुठे जावे?

मेडिकल चौकाजवळील शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तेथील शुल्क खासगी दवाखान्याच्या मानाने फार कमी असते. हिंगणा मार्गावरील खासगी दंत महाविद्यालयांतही पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हे उपचार करतात. तिथे वेळ अधिक लागतो, परंतु मोजमाप आणि नोंदी काटेकोर होतात.

पहिल्या भेटीला येताना काय आणावे?

चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, साखरेचा ताजा अहवाल, पूर्वीचे एक्स-रे आणि सिकलसेलचे कार्ड असल्यास तेही आणावे. त्या दिवशी हिरड्यांना हळद किंवा दुसरा कोणताही लेप लावून येऊ नये, कारण त्याखालचा रंग पाहूनच सूज किती आहे ते कळते.